तारेवरचे बोये

हिवाळा लागला की आमच्या सोसायटीतली माणसं संध्याकाळी गच्चीवर जमतात. खाली खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरलेले असतात, त्यांचे फोटो काढायचे असतात. मोबाइल जरा वर धरला की फोटोत नेमक्या विजेच्या तारा येतात, आणि तारांवरचे ते केशरी-पांढरे गोळे. मग कुणीतरी वैतागून मला विचारतं, "मावशी, तुम्ही तर इथल्याच ना? हे बॉल कशाला लावलेत हो?" इथली म्हणजे सारसोळ्याची, कोळ्यांची, ते सगळ्यांना माहीत आहे, कारण माझ्या घरी सुकट भाजली की लिफ्टमध्ये वास दरवळतो आणि मी त्याबद्दल माफी मागत नाही. मी सांगते, हेलिकॉप्टरवाल्याला तार दिसावी म्हणून. "अच्छा!" म्हणून ती माणसं पुन्हा पक्ष्यांकडे वळतात. उत्तर बरोबरच आहे. पण ते मी ज्या पावसाळ्यात मिळवलं तो पावसाळा एवढ्याशा वाक्यात मावत नाही. हल्ली संध्याकाळी घरात माझ्याशी बोलायलाही कुणी नसतं. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

आमचं घर जेट्टीकडे उतरणाऱ्या बोळात होतं. पुढे ओटी, मध्ये एक खोली, मागे चूल. माणसं चारच: बा, आय, माझा मोठा भाऊ दिना आणि मी. त्यात आवाज करणारा एकटा दिना. सकाळी उठला की आधी खाकरायचा, मग ट्रान्झिस्टर लावायचा, मग पितळी डबा बडवत भाकरी मागायचा, आणि आय ओरडली की तिच्याच आवाजात तिला परत ओरडून दाखवायचा. बा दिवसभरात मोजकं बोले. बोले तेही पाण्याबद्दल: आज वारा कुठला, मोठ्या भरतीचं उधाण कधी, बारीक भरतीची भांग कधी. आय बोलायची, पण ते बाजारात. घरी येईपर्यंत तिचा घसा बसलेला असे. मी तेरा-चौदा वर्षांची, शाळेत हुशार, घरात मुखदुर्बळ. दिना आहे म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला बोलायची गरजच पडत नसे. त्याच्या एकट्याच्या आवाजावर आमच्या तिघांचं भागायचं.

बा आणि दिना मिळून डोल लावत. हे मोठं पिशवीसारखं जाळं असतं. खाडीच्या तळात दोन लांब खुंट रोवायचे आणि त्यांना जाळ्याचं तोंड बांधायचं. ओहोटीचं पाणी खाली धावू लागलं की कोळंबी, जवळा, शिंगाळी आपोआप पोटात शिरते. खुंट पाण्याखाली जातात, जाळं तर दिसतच नाही, म्हणून वर एक तरंगता गोळा बांधतात. त्याला आम्ही बोया म्हणतो. बोया म्हणजे सांगणं असतं: इथे माझं जाळं आहे, तुमची होडी जरा बाजूने न्या. आणि दुसरंही एक सांगणं त्यात असतं. जिथे एकाचा बोया तरंगतो तिथे दुसरा जाळं टाकत नाही. भांडणं आमच्या गावात काही कमी नव्हती. विहिरीवरून, बांधावरून, लग्नातल्या मानावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. पण दुसऱ्याच्या बोयावर जाळं टाकलं असं कधी ऐकलं नाही. आमची जागा आजोबांपासूनची होती, खाडीच्या ऐन प्रवाहात, आणि तिच्या बरोबर वरून विजेच्या तारा एका काठाच्या तिवरांतून दुसऱ्या काठाला जात. पाऊस धरून आला की त्या तारा गुंगुं आवाज करायच्या. दिना म्हणे, मासे तो आवाज ऐकायला येतात. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक.

त्या वर्षी शिमग्याला दिनाने जेट्टीवर, चारचौघांत, बाला सांगितलं की कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात एका ट्रकवर क्लिनरची जागा आहे, आणि तो जाणार. घरात सांगितलं असतं तर कदाचित नुसती धुसफूस झाली असती. जेट्टीवर सांगितलं म्हणजे गावासमोर सांगितलं. "खारीत आता काय रायलंय बा? कंपन्यांचा काला पानी," असंही तो बोलला. ते खोटं नव्हतं, म्हणूनच बाला जास्त लागलं असावं. बाने त्याच्या कानाखाली वाजवली. दिनाने उलट हात उचलला नाही, शिवी दिली नाही. घरी आला, पिशवीत चार कपडे कोंबले, ट्रान्झिस्टर घेतला, आणि चुलीपाशी बसलेल्या माझ्या डोक्यावर टपली मारून निघून गेला. माझ्याशी एक शब्दही बोलला नाही, आणि त्याचंच मला सगळ्यात नवल वाटलं. त्याचं आणि माझं बोलणं कधी बंद पडलंच नव्हतं.

त्यानंतरचं घर कसं होतं ते सांगणं अवघड आहे. कुणी रडलं नाही. आय भाकऱ्या मात्र पूर्वीइतक्याच थापायची. हात सवयीने चालायचा आणि उरलेल्या मी दुसऱ्या दिवशी चहात बुडवून खायची. आमच्याकडे एक पद्धत होती: जाळं ओढणाऱ्याला माशाचं डोकं. बा म्हातारा नव्हता, पण दात खराब झालेले, म्हणून डोकं कायम दिनाच्या ताटात जायचं आणि तो ते इतक्या आवाजात चोखायचा की आय म्हणायची, शेजारी समजतील आपल्याकडे म्हैस बांधली आहे. आता आंबट कालवणात डोकं तसंच पडून राहायचं. बा घेत नसे, आय घेत नसे, आणि मी घ्यायची म्हणजे काय, मी कुठे जाळं ओढलं होतं? शेवटी ते मांजरीला जायचं. जेवताना फक्त ताटांचा आवाज. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज होतो.

होळीनंतर बाने होडी काढलीच नाही. लोकांना वाटलं, राग आहे, उतरेल. आणि मग वैशाखाच्या उन्हात विजेच्या कंपनीची माणसं आली. तारेवर चाकं लावलेला एक पाळणा होता आणि त्यात बसून एक माणूस खाडीच्या मधोमध सरकत गेला. अख्खं गाव जेट्टीवर उभं राहून बघत होतं. सगळ्यात वरच्या बारीक तारेवर तो एकेक गोळा बसवत गेला: एक केशरी, एक पांढरा, पुन्हा केशरी. खालून ते मोसंब्याएवढे दिसत. ती माणसं कुणाशी न बोलता आली तशी गेली, आणि गावाला महिनाभराचा विषय मिळाला. एक म्हणाला, पक्षी बसू नयेत म्हणून. एक म्हणाला, वाऱ्याने तारा हलू नयेत म्हणून वजन टांगलंय. एका म्हातारीने सांगितलं, नवीन शहर उभं राहतंय, दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय, आणि लिंबू-मिरचीपेक्षा ते टिकाऊ आहे. शाळेत मी भूगोलाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, परीक्षेला नाही ते.

बा ओटीवर बसून ते सगळं ऐकत होता. कुणीतरी सहज विचारलं, "धर्मा, तुझ्या जागेच्या डोक्यावर टांगलंय रं. आता जालं कवा लावतंस?" बाने वर बघितलं आणि म्हणाला, "तय दुसऱ्याचा बोया हाय. मी कसा लावू?"

माणसं हसली. बा हसला नाही. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं तर तेच उत्तर, तिसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू हसणंही थांबलं. मी मात्र ते उत्तर जसंच्या तसं खरं मानलं. माझ्या बाला मी चांगली ओळखत होते. तो अख्ख्या सारसोळ्यात सगळ्यात सरळ माणूस, दुसऱ्याच्या बोयाजवळून जाताना वल्ह्याचा आवाजही हळू करणारा. आणि आकाशात ते लटकत होतेच की, अगदी बोयांसारखे, रांगेने. कंपनीने जर खाडीवर आपला बोया टाकला असेल, तर बा तिथे जाळं कसं लावील? मला त्याचा राग नाही आला. कंपनीचा आला.

पावसाळा लागला, होड्या पालथ्या पडल्या. आय आता घाऊक बाजारातून मासळी घेऊन नेरूळच्या सेक्टरांत दारोदार विकायला जायची. मी उठायच्या आधी ती गेलेली असायची. मी शाळेतून यायची तेव्हा घरात बा असायचा, पण असून नसल्यासारखा. ओटीवर कुशीवर पडलेला, डोळे उघडे. शाळेतल्या मुली बिल्डिंगमधल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त बाकावर माझ्या बाजूला बसताना दप्तर मध्ये ठेवायच्या. गावातल्या माझ्या वयाच्या पोरी आयांबरोबर बाजारात. मग मी छत्री घेऊन जेट्टीच्या टोकाला जाऊन बसायची आणि तारा ऐकायची. पावसात त्यांचा आवाज वाढे. वरचे गोळे एकमेकांपासून सारख्या अंतरावर लटकलेले, एका तारेवर असून एकालाही दुसऱ्याजवळ जाता येत नाही. आमच्या घरासारखंच, असं मला वाटायचं. मी त्यांच्याशी बोलायचीही. हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा येत नव्हतं. दिना गेल्याचं दुःख मला आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असं न सांगता ठरलं होतं. ते मी त्या गोळ्यांना सांगितलं.

आषाढात एका दुपारी पांडूकाका आला. हा बाचा चुलतभाऊ, जाडाजुडा, दिलदार माणूस. चहा घेतला, पावसावर बोलला, माझ्या अभ्यासावर बोलला, आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "दादा, पुनवेचा बघाय पायजे. या उधानात जालं लागला नाय त जागा गावाची व्हईल. मी आडवा नाय येनार, पन नियम त नियमच."

तो नियम मलाही ठाऊक होता. नारळी पुनवेच्या उधाणात ज्याचं जाळं पाण्यात, त्याची जागा पुढच्या वर्षापुरती पक्की. ज्याचं नाही, त्याची जागा गाव बसून दुसऱ्याला देतं. आणि एकदा दिली की दिली.

"मी येतंय संगती," काका म्हणाला. "येक दीस. लावून येव."

बाने ओटीवरूनच तारांकडे बोट केलं. "तय दुसऱ्याचा बोया हाय, पांडू."

मला वाटलं, आता तरी काका म्हणेल, अरे वेड्या, ते विजेचं आहे. काकाने तारांकडे बघितलं, बाकडे बघितलं, माझ्याकडेही एकदा बघितलं. मग मान हलवली. "हाय खरा," म्हणाला, आणि छत्री उघडून निघून गेला. त्या मोठ्या माणसाने वाद का घातला नाही ते मला कळेना. जागा जाणार, म्हणजे खुंट जाणार, म्हणजे होडी विकली जाणार, म्हणजे बा असाच ओटीवर पडून राहणार, आणि दिना जरी परत आला तरी त्याला परत यायला काही उरणारच नाही. हे सगळं त्या गोळ्यांमुळे. त्या दिवशी मी ठरवलं की हे गोळे कशासाठी आहेत ते मी शोधून काढणार, आणि ते जाळ्याचे नाहीत हे बाला पटवणार. माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं काही नव्हतंच. मला फक्त अभ्यास येत होता.

श्रावणातल्या एका रविवारी मी आयची पाटी धरायला तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या मजल्यावर एका घरात तिचं कायमचं गिऱ्हाईक होतं, रत्नागिरीकडची माणसं. तिथले काका वीज कंपनीच्या ऑफिसात कामाला आहेत असं आयच्या बोलण्यात एकदा आलं होतं. श्रावण असूनही त्या घरी मासे लागत, आणि काकू दर वेळी हळू आवाजात सांगत, "पाटी झाकून आणत जा गं." आय दारातच बसून कोळंबी सोलत होती. काका बनियनवर पेपर वाचत होते. मी दारातूनच विचारलं, "काका, खाडीवरच्या तारेला ते गोळे कशाला लावलेत?"

त्यांनी पेपर खाली केला. त्यांना प्रश्न आवडला असावा. "हेलिकॉप्टरसाठी," ते म्हणाले. "कमी उंचीवरून उडणाऱ्याला टॉवर दिसतो गं, तार दिसत नाही. त्याला वाटतं दोन टॉवरच्या मध्ये मोकळं आहे, आणि तो थेट घुसतो. सगळ्यात वरची तार तर फारच बारीक. म्हणून तिच्यावर गोळे लावायचे. केशरी पाण्यावर नि झाडीवर उठून दिसतो, पांढरा ढगात. आतून पोकळ असतात, वजन काही नाही. तार तिथेच असते, फक्त ती आहे एवढं कळावं."

"म्हणजे खालच्या पाण्याशी त्यांचा काही संबंध नाही?"

"पाण्याशी काय संबंध?" ते हसले. "मासे थोडेच उडतात?"

मला इतका आनंद झाला की पाटी हातातून निसटत होती. आयचे हात मात्र थांबले होते. जिन्यात उतरताना तिने मला कोपऱ्यात घेतलं.

"ह्ये बापसाला बोलू नको."

"का? त्याला सांगितलं तर तो जाळं लावील ना."

"बोलू नको म्हंजे नको." आणि डोक्यावर पाटी घेऊन ती पुढे निघाली. तिला बहुतेक कळलं नसेल, असं मला वाटलं. शाळेत गेलेल्या मुलींना आपल्या आईबद्दल असं फार लवकर वाटू लागतं.

त्याच संध्याकाळी मी बाला सांगितलं. आय चुलीपाशी होती. पाऊस उघडला होता आणि ओटीवर पिवळं ऊन आलं होतं. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि धडा म्हणून दाखवावा तसं सगळं म्हणून दाखवलं: हेलिकॉप्टर, टॉवर, बारीक तार, केशरी, पांढरा, पोकळ. मी संपवलं आणि म्हटलं, "म्हणजे तो कुणाचा बोया नाही, बा. खाली कुणाचं जाळं नाही. जागा आपलीच आहे. तू लाव."

त्याने तारांकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "मना ठाव हाय, पोरी."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"आखे गावाला ठाव हाय. इजेचा गोला इजेचाच आसनार, बोया कनाला आसंल?" तो उठून बसला. त्याचे हात मांडीवर पडले होते, तळवे वर करून. "डोल येकल्यानं लागत नाय, सुमे. येकानं वल्ह्यावर होरी धरायची, दुसऱ्यानं दोर वढायचा. पोरगा गेला. आता मी कुनाला बोलू, माझ्या होरीत ये? पांडू येल येक दीस. मंग? दर येलेला दुसऱ्याचा पोर मांगू? लोक इचारत हुते, जालं कवा लावतंस, जालं कवा लावतंस. त्यांना काय बोलू, माझा पोर मना सोरून गेला?" आणि मग हळू आवाजात म्हणाला, "बोया हाय बोल्ल्यावर इचारत नवते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसं हसायची का थांबली, पांडूकाका "हाय खरा" का म्हणाला, आणि एवढ्या ऐन प्रवाहातल्या रिकाम्या जागेवर अख्ख्या मोसमात एकानेही होडी का घातली नाही. धर्माने बोया आहे म्हटलं, तर सगळ्या गावाने तो आहे असं धरलं. दारू पिऊन आयमाय काढणारी ती माणसं. एकालाही बाच्या तोंडावर खरं बोलावंसं वाटलं नाही. ते मी बोलले. मला रडू आलं, आणि बाने मला जवळ घेतलं नाही, कारण त्याला ते येत नव्हतं.

आय चुलीपासून उठून उंबऱ्यात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता मार. ती म्हणाली, "त्याचा परदा तू काडलास ना? मंग आता तूच जा त्याच्या होरीत."

"बाईमानूस होरीत?" बा म्हणाला.

"बाईमानूस तुमी धरलेला मावरा डोक्यावर घेऊन अख्खा नेरूल फिरतंय, तवा नाय आठवत," आय म्हणाली. "जागा गेली त मी काय इकू? इजेचे गोले?"

आमच्याकडे बाईने होडीत पाय ठेवला तर दर्या कोपतो म्हणत. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बा पालथ्या होडीच्या फटींत डांबर भरत होता.

पुनवेच्या दिवशी दुपारी भरती टम्म भरली. गावाने नारळ वाजत-गाजत नेला, पाण्यात सोडला, आणि मग बेंजो सुरू झाला. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे जेट्टीवर नाचत होते. जाळी लावायची घाई कुणालाच नव्हती, उधाण अजून दोन-तीन दिवस राहणार होतं. आयने मला मागच्या खोलीत नेलं आणि ट्रंकेतून दिनाचा एक शर्ट आणि हाफ पँट काढली. "फ्रॉक दोरात गुतेल," म्हणाली. शर्ट गुडघ्यापर्यंत आला. माझी वेणी तिने गुंडाळून वर बांधली आणि त्यावर टॉवेल आवळला. आम्ही गर्दीच्या कडेने होडीकडे गेलो. बऱ्याच जणांनी पाहिलं. पांडूकाका नाचता नाचता थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि मग मुद्दाम पाठ करून पुन्हा नाचू लागला. त्याच्या बाजूच्यांनीही पाठ केली.

तारांखाली पोचलो तेव्हा बेंजो नुसता धपधप ऐकू येत होता. तिवरांत एक बगळा बसला होता, बाकी सगळीकडे पाणी. वरचे गोळे खालून बघितले तर चांगले हंड्याएवढे होते. बाने खुंटाचं टोक शोधलं आणि मला दोर कुठून घ्यायचा, कुठे अडकवायचा ते दाखवलं. पाणी थांबलं होतं. ते फिरायच्या आत तोंड बांधून व्हायला हवं होतं. तो वल्ह्यावर उभा राहिला. मी काठावर गुडघे टेकले आणि दोर धरला. ओला दोर इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. तो तळहातातून सरकला, कातडी सोलली, आणि जाळ्याचं तोंड परत लांब गेलं. ओहोटीने हळूच ओढ घेतली. होडीचं नाक फिरू लागलं.

"दिना!" बा माझ्यामागून ओरडला. "खेच!"

मला वाटलं, जेट्टीवरच्यांना ऐकू जावं म्हणून तो तसं म्हणतोय. मी मान वळवून पाहिलं. जेट्टी केवढी तरी लांब होती. बा जेट्टीकडे बघतच नव्हता. सगळा जीव वल्ह्यात घालून, दातओठ खाऊन तो होडी धरून होता, आणि त्याची नजर माझ्या पाठीवरच्या त्या शर्टावर होती. आपण काय म्हणालो हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"दिना, खेच रं!"

"ओ, बा," मी म्हटलं, आणि खेचलं.

जाळं लागलं. जागा राहिली. पुढे कॉलेजला जाईपर्यंत, आणि त्यानंतरही सुट्टीच्या दिवशी, मी त्या होडीत जात राहिले. घरी बा मला सुमे म्हणायचा. होडीत, दोर जड झाला की, त्याच्या तोंडून दुसरंच नाव यायचं, आणि मी दर वेळी ओ दिली. माझं नाव त्या पाण्यावर कधी कुणी घेतलं नाही. त्याचं मला वाईट वाटायचं, अजूनही वाटतं, पण ते मी त्याला कळू दिलं नाही.

दिना काही वर्षांनी यायला लागला. आधी सणाला, मग बायको-मुलांना घेऊन. आता त्याचेच दोन ट्रक आहेत, गुडघे दुखतात, आणि आवाज तसाच आहे. बा गेला तेव्हा तो माझ्याजवळ बसून म्हणाला, "म्हाताऱ्याला लय येकटा टाकलाव मी, सुमे. तेच्या होरीत मी कवाच परत गेलू नाय." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ती हाक मी त्याला सांगितली नाही. त्याला अजून वाटतं, की तो ती होडी सोडून गेला होता.